क्लच घसरतो आहे का, आणि नेमका कशामुळे: गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वीची तपासणी

मूळ प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅन्युअल गिअरची गाडी साधारण ८०,००० किलोमीटर चालली आहे. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. एका मेकॅनिकने पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितले आहे, तर दुसऱ्याच्या मते नुसत्या ॲडजस्टमेंटने काम भागेल. यातले खरे कोणाचे, आणि गाडी न उघडता ते कसे ठरवायचे?

या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे निघू शकते. क्लच घसरणे हे लक्षण आहे आणि त्याची कारणे दोन ठिकाणी सापडतात. एक ठिकाण बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत आहे, जिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. दुसरे बाहेर आहे, म्हणजे पेडलपासून ते पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगपर्यंतच्या जोडणीत, आणि तिथली बहुतेक तपासणी पाने, पट्टी आणि टॉर्च एवढ्यावर होते. म्हणून माझा आग्रह एकाच क्रमाचा असतो. घसरण खरोखर होते आहे हे आधी आकड्याने पटवून घ्यावे, मग बाहेरची कारणे एकेक करून बाद करावीत आणि त्यानंतरच गिअरबॉक्सला हात घालावा. हा क्रम मोडला तर नवा क्लच सेट बसवूनही जुनाच दोष परत भेटतो. तसे झालेले मी स्वतः अनुभवले आहे. ती हकीकत पुढे सांगतो.

क्लच कसा काम करतो हे एकदा डोळ्यांसमोर आणले की बाकीचे बरेचसे त्यातूनच उलगडते. इंजिनच्या क्रँकशाफ्टला जखडलेले फ्लायव्हील नावाचे जड चाक आणि त्याच्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबलेली असते, आणि ही क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे लांबट खाचांवर, बसलेली असते. पेडलवर पाय नसताना प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग, म्हणजे मध्याकडे बोटांसारख्या पट्ट्या असलेली तबकडी, पूर्ण जोराने प्लेटला दाबून धरते. त्यातून किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पलीकडे जाईल हे स्प्रिंगचा दाब, लायनिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा) घर्षणांक, घर्षणाची सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या बाजू यांच्या गुणाकारावर ठरते; एका प्लेटला अशा बाजू दोन असतात. उदाहरणादाखल दाब ४,००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर धरली, तर उत्तर २०४ न्यूटन-मीटर येते. इंजिनचा कमाल टॉर्क १४० असेल तर क्लचकडे बऱ्यापैकी राखीव ताकद आहे. आता त्याच लायनिंगवर ऑइल येऊन घर्षणांक ०.१ वर उतरला, तर तोच क्लच ६८ न्यूटन-मीटरच्या पुढे टिकाव धरत नाही. किंवा लायनिंग कोरे करकरीत आहे, पण रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर सतत रेलून दाब निम्म्यावर आणते आहे, तर क्षमता १०२ वर येते आणि चढावर क्लच हमखास सुटतो. चालकाला दोन्ही वेळा जाणवते ते हुबेहूब सारखेच, उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

आता घसरण मोजण्याकडे येऊ. गिअर टाकलेला आणि पेडल पूर्ण सोडलेले असताना इंजिन आणि चाके यांच्यातली इतर प्रत्येक जोडणी दात्यांची असते. घसरू शकणारी जागा क्लच ही एकच, आणि टायर रस्त्यावर फिरकी घेत असतील तर ती दुसरी. त्यामुळे एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण कायम असते. समजा चौथ्या गिअरचे गुणोत्तर १, फायनल ड्राइव्हचे (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअरजोडीचे) ४ आणि टायरचा परीघ १.९ मीटर आहे. इंजिनचे २,००० फेरे म्हणजे चाकाचे ५०० फेरे, म्हणजे मिनिटाला ९५० मीटर, म्हणजे ताशी ५७ किलोमीटर. आरपीएमला वेगाने भागले तर उत्तर ३५ येते, आणि चौथ्या गिअरमध्ये ते कुठल्याही वेगाला ३५ च्या आसपासच यायला हवे. आता चढावर काटा ३,००० वर आहे आणि वेग मात्र ६० च आहे, तर भागाकार ५० येतो. ताशी ६० ला गिअरबॉक्सचा शाफ्ट २,१०० च्या जवळपास फिरत असतो. म्हणजे मधले ९०० फेरे क्लच प्लेटच्या पृष्ठभागावर घासले जात आहेत. याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही.

आपल्या गाडीची गुणोत्तरे माहीत नसली तरी काही अडत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये दोन-तीन वेगांना आरपीएम पाहावे आणि शेजारी बसलेल्या माणसाने ते लिहून घ्यावे. इतक्या कमी भाराला बराच खराब झालेला क्लचही धरून ठेवतो, त्यामुळे हे आकडे आपल्या गाडीचे मूळ प्रमाण म्हणून वापरता येतात. स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवत असला तरी तो दोन्ही वेळा जवळपास त्याच प्रमाणात जास्त दाखवतो, म्हणून तुलना बिघडत नाही. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातला डेटा वाचणारे यंत्र, मिळत असेल तर आरपीएम आणि वाहनाचा वेग यांचा लाइव्ह डेटा नोंदवून घ्यावा. काट्याकडे पाहत गाडी चालवण्यापेक्षा ते सुरक्षित तर आहेच, शिवाय अर्ध्या सेकंदाची घसरणही त्यात सापडते.

मग खरी चाचणी. इंजिन पूर्ण तापलेले असावे आणि रस्ता कोरडा, रिकामा, शक्यतो सौम्य चढाचा असावा. चौथ्या गिअरमध्ये १,५०० ते २,००० आरपीएमवर गाडी स्थिर चालवावी आणि मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. निरोगी क्लचमध्ये आरपीएम आणि वेग हातात हात घालून, सावकाश वर चढतात. घसरणाऱ्या क्लचमध्ये काटा आधी मोकळा सुटल्यासारखा वर जातो आणि वेग मागे रेंगाळतो. बहुतेक वेळा हे इंजिनचा टॉर्क शिखरावर पोहोचतो त्या टापूत सुरू होते, आणि टर्बो इंजिनात तर टर्बोने दाब धरला की त्याच क्षणी. आणखी एक खूण मी नेहमी पाहतो. घसरण चालू असताना ॲक्सिलरेटर हळूच निम्म्यावर आणावा. काटा पाच-सहाशेने खाली येतो, पण गाडीला मागे ओढल्याचा धक्का बसत नाही. कारण इंजिन फक्त चाकांच्या मूळ लयीत परत येऊन बसलेले असते. ही भावना एकदा पायाला कळली की पुढे आकडे पाहण्याआधीच शंका येऊ लागते.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही चाचणी का करू नये, असे अनेक जण विचारतात. खालच्या गिअरमध्ये गाडी इतक्या झपाट्याने वेग घेते की काटा तसाही भरभर चढत असतो, आणि इंजिनच्या टॉर्कचा काही भाग स्वतःचेच फ्लायव्हील वेगाने फिरवण्यात खर्च होतो. त्यामुळे घसरण थोडी असली तर ती त्या धावपळीत लपून जाते. वरच्या गिअरमध्ये रस्त्याचा भार इंजिनला जखडून ठेवतो, पूर्ण टॉर्क क्लचवर बराच वेळ राहतो आणि चोरी उघडी पडते. म्हणूनच क्लच जायला लागला की तक्रार आधी पाचव्या गिअरची येते, मग चौथ्याची, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी नीट उचलत नाही इथवर गोष्ट गेली असेल तर आत फारसे काही उरलेले नसते.

हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही चाचणी सर्वत्र सांगितली जाते. तिचा उपयोग मर्यादित आहे. इंजिन बंद न पडता फिरतच राहिले, तर क्लच फार वाईट अवस्थेत आहे हे नक्की. पण ते बंद पडले म्हणून क्लच चांगला आहे असे अजिबात ठरत नाही, कारण त्या वेळी क्लचवर येणारा भार चढावरच्या पूर्ण टॉर्कपेक्षा कमी आणि क्षणिक असतो. शिवाय प्रत्येक वेळी लायनिंग विनाकारण भाजते. करायचीच असेल तर एकदाच करावी, फूटब्रेकही दाबून ठेवावा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करावी. माझ्या कामात मी ती जवळजवळ वापरत नाही.

इथेच काही गैरसमजही दूर करायला हवेत, कारण क्लचच्या नावावर दुसऱ्याच दोषांची बिले फाडली जातात. ॲक्सिलरेटर दाबूनही आरपीएम वर जात नसेल आणि गाडीही पळत नसेल, तर क्लच इंजिनला व्यवस्थित धरून आहे. पिकअप कमी होण्याचे कारण एअर फिल्टर, इंधन, टर्बोचा पाइप किंवा चिकटलेले ब्रेक यांत शोधावे. गिअर टाकताना करकर होत असेल, रिव्हर्स पडत नसेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे घसरण्याच्या नेमके उलट घडते आहे. हे दोन दोष एकाच गाडीत एकाच वेळी क्वचितच सापडतात. सुटताना गाडी थरथरत असेल तर तो वेगळा विषय आहे, जरी ऑइल लागलेली प्लेट दोन्ही करू शकते. आणि पेडल दाबल्यावर येणारा घरघर आवाज रिलीज बेअरिंगचा असतो. बेअरिंग झिजले म्हणून क्लच घसरत नाही.

घसरण आकड्याने सिद्ध झाली असे धरू. आता पेडलपाशी खाली बसावे. केबलचा क्लच असेल तर पेडल हाताने हलकेच दाबून फ्री प्ले पाहावा, म्हणजे पेडल किती अंतर बिनविरोध खाली जाते आणि मग कुठे जड लागते. ॲडजस्टमेंट असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो १० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. या मोकळीकीचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या रचनेत लायनिंग झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायफ्राम स्प्रिंगच्या आतल्या बोटांची टोके उलट दिशेने, रिलीज बेअरिंगकडे, येतात. तरफेच्या रचनेमुळे बोटांचे हे सरकणे मूळ झिजेच्या अनेक पट असते. म्हणून ज्या केबलमध्ये आपोआप जुळवून घेण्याची सोय नाही, तिथे फ्री प्ले महिन्यागणिक कमी होत जातो आणि एक दिवस शून्यावर येतो. त्या दिवसापासून पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग स्प्रिंगला मागे ढकलत राहते. प्लेटवर अजून बरेच लायनिंग शिल्लक असताना क्लच घसरू लागतो, आणि वेळेवर दोन नट फिरवून फ्री प्ले परत दिला तर तो पुन्हा घट्ट धरतो. दुसऱ्या मेकॅनिकच्या म्हणण्यात तथ्य असू शकते ते एवढ्यासाठी. फक्त हे लगेच करायला हवे, कारण तशाच अवस्थेत काही शेकडो किलोमीटर गाडी चालवली तर लायनिंग भाजून काचेसारखे गुळगुळीत होते आणि मग ॲडजस्टमेंटचा काही उपयोग राहत नाही.

फ्री प्ले देतानाच केबलची स्थितीही पाहावी. आतली तार आवरणात अडखळत असेल, तर पेडल वर येते पण फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंगला ढकलणारी तरफ, पूर्ण मागे येत नाही. बॉनेट उघडून एका माणसाने पेडल सावकाश दाबावे आणि सोडावे, दुसऱ्याने गिअरबॉक्सवरच्या फोर्कच्या टोकाकडे टॉर्च लावून पाहावे. टोक शेवटच्या काही मिलिमीटरला थबकत असेल किंवा हाताने मागे ढकलल्यावर आणखी सरकत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा फोर्कच्या बुशमध्ये आहे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये, म्हणजे जिथे केबलऐवजी द्रव पेडलचा दाब पोहोचवतो, झीज आपोआप सामावली जाते. बोटे मागे येतात तसा गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि तेवढे द्रव वर टाकीत परत जाते. क्लचसाठी वेगळी टाकी असेल तर तिथली पातळी झिजेबरोबर किंचित वाढते, ब्रेकच्या अगदी उलट. हे सगळे एकाच अटीवर चालते: पेडल पूर्ण वर असताना पेडलकडच्या मास्टर सिलिंडरमधले टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडे राहिले पाहिजे. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या पुशरॉडला जरासुद्धा मोकळीक नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते छिद्र झाकलेलेच राहते. मग इंजिनाच्या उष्णतेने द्रव प्रसरण पावते, त्याला परत जायला वाट नसते, आणि स्लेव्ह सिलिंडर बेअरिंगला आपणहून दाबू लागतो. आतून फुगलेली रबरी होज किंवा चुकून खनिज तेल टाकल्यामुळे फुगलेली सिले हेच काम करतात. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेल्या रबराला खनिज तेल चालत नाही.

आता ती हकीकत. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गाडी चढावर क्लच घसरतो म्हणून आली. मी रस्त्यावर चाचणी घेतली, घसरण स्पष्ट होती, आणि मी गिअरबॉक्स उतरवून क्लच सेट बदलला. जुनी प्लेट भाजलेली होती, त्यामुळे मला माझे निदान बरोबरच वाटले. काही आठवड्यांत तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत आली. या वेळी मालकाने एक गोष्ट सांगितली, जी मी आधी विचारायला हवी होती: सकाळी निघताना गाडी उत्तम चालते, अर्ध्या-पाऊण तासाने घसरायला लागते आणि तासभर उभी केली की पुन्हा ठीक होते. मी गाडी तापेपर्यंत चालवली, घसरण सुरू झाल्यावर थांबलो आणि स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीड निपलला, म्हणजे द्रव आणि हवा बाहेर काढण्याच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून निपल पाव फेरा सैल केले. पेडलला कोणी हातही लावलेला नव्हता, तरी द्रवाची चिळकांडी नळीत आली आणि फोर्क डोळ्यांदेखत मागे सरकला. निपल घट्ट करून लगेच चढावर गेलो तर क्लच पूर्ण धरत होता. दोष पुशरॉडच्या ॲडजस्टमेंटमध्ये होता. कधीतरी कोणीतरी पेडल उंच करण्यासाठी तो ताणून ठेवला होता. भाजलेली प्लेट हा त्या दोषाचा परिणाम होता आणि मी तिलाच कारण समजलो. त्या मालकाला दुसऱ्या प्लेटचा भुर्दंड पडू दिला नाही, पण त्याचा वेळ आणि विश्वास मी खर्च केला होता, आणि ते मला आजही सलते.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो की घसरण कधी होते. थंड गाडीत नाही आणि तापल्यावर होते, आणि थांबून गार झाल्यावर जाते, तर पुशरॉड, होज आणि मास्टर सिलिंडर आधी तपासावेत. झिजलेला क्लचही तापल्यावर जास्त घसरतो हे खरे, पण तो गार झाल्यावरही पूर्ण भाराला तग धरत नाही. ब्लीड निपलची ही चाचणी कोणीही जाणकार मेकॅनिक दहा मिनिटांत करू शकतो. द्रव रंगाला आणि कातडीला घातक आहे, म्हणून डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि खाली कापड ठेवावे; गरम एक्झॉस्टपासून सांभाळावे. हवा शिरली असेल तर नंतर सिस्टिम ब्लीड करून ती काढून घ्यावी.

बाहेरची जोडणी निर्दोष ठरली, तर बेल हाउसिंगच्या तळाशी पाहावे. बऱ्याच गाड्यांत तिथे निचऱ्याचे भोक किंवा पातळ पत्र्याचे झाकण असते. तिथून ऑइल टपकत असेल किंवा काळा, चिकट लगदा साचला असेल, तर प्लेटवर ऑइल पोहोचले असण्याची शक्यता बरीच आहे. ऑइल कुठले हे ओळखणे गरजेचे आहे. इंजिन ऑइल काळपट असते आणि ते क्रँकच्या मागच्या सिलमधून, किंवा वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून ओघळत, येते. गिअर ऑइल त्या मानाने स्वच्छ आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असते, आणि ते इनपुट शाफ्टच्या सिलमधून येते. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर इनपुट शाफ्टभोवतीच बसवलेला असतो, तिथे ब्रेक ऑइलही प्लेटवर उडू शकते. त्या वेळी टाकीतली पातळी उतरत राहते. ऑइल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा घासून परत वापरू नये. वरून कोरडे दिसते, पण तापले की आतले ऑइल पुन्हा पृष्ठभागावर येते. आणि सील न बदलता प्लेट बदलणे म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणे आहे.

पेडल किती उंचावर पकडते यावरून झीज ओळखावी, असे सरसकट सांगितले जाते. जुन्या रचनेत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण अनेक आधुनिक गाड्यांत प्रेशर प्लेट स्वतःच झीज भरून काढते. तिथे लायनिंग संपत आले तरी पेडलची पकड आणि जडपणा जवळपास पहिल्यासारखाच राहतो. त्यामुळे पकड वर आली नाही म्हणून क्लच चांगला, हा निष्कर्ष अशा गाडीत फसवा ठरतो. किलोमीटरचेही तसेच आहे. हाफ क्लचवर चढावर गाडी तोलून धरणाऱ्या, किंवा चालवताना डावा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवणाऱ्या चालकाचा क्लच फार लवकर जातो आणि हायवेवर सरळ चालणारी गाडी त्याच सेटवर कितीतरी जास्त अंतर जाते. ८०,००० हा आकडा म्हणून कुठल्याच बाजूने पुरावा होत नाही. इंजिनचे रीमॅपिंग करून (संगणकातली सेटिंग बदलून) टॉर्क वाढवला असेल तर मात्र ते आधीच सांगावे. मूळ क्षमतेचा क्लच तिथे निर्दोष असूनही घसरू शकतो.

इतके करून गिअरबॉक्स उतरवायचे ठरले, तर उतरवल्यावर काय पाहायचे हेही सांगून ठेवतो, आणि जुने भाग फेकण्याआधी स्वतः पाहावेत असा माझा आग्रह आहे. रिव्हेटच्या डोक्यापासून लायनिंगचा पृष्ठभाग किती वर आहे ते खोली मोजण्याच्या पट्टीने मोजतात; ०.३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी राहिले असेल तर प्लेट संपली. लायनिंग जाड आहे पण चकचकीत काळे पडले आहे, तर ते भाजले आहे, आणि भाजण्याचे कारण बाहेर शोधले गेले आहे का हे पुन्हा विचारावे. मधूनच ओलसर, गडद पट्टे असतील तर ऑइल. प्रेशर प्लेटवर आणि फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या, तर तिथे उष्णता फार झाली आहे. स्प्रिंगची बोटे एका पातळीत आहेत का आणि बेअरिंगने त्यांच्या टोकांत खोबण पाडली आहे का, तेही पाहावे. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचे, मध्ये स्प्रिंग असलेले) असेल तर त्याची फिरण्यातली मोकळीक आणि हलणे कंपनीच्या मर्यादेत आहे का ते मोजावे. त्याच्या आतले ग्रीस बाहेर उडालेले असले तर तेही प्लेटवर जाते.

आतली जुनी धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या कापडाने पुसून घ्यावी.

क्वचित नवा सेट बसवल्याबरोबर क्लच घसरतो, आणि मग सगळे जण भागाला दोष देतात. अशा वेळी बसवणीकडे पाहावे. नव्या प्रेशर प्लेटवर गंज येऊ नये म्हणून लावलेला तेलाचा थर पुसला नसेल, स्प्लाइनला इतके ग्रीस फासले असेल की ते फिरताना लायनिंगवर उडाले, किंवा प्लेट उलटी बसली असेल. एक कारण फार कमी जण लक्षात घेतात. काही फ्लायव्हीलांना कडेला उंच काठ असतो आणि प्रेशर प्लेट त्या काठावर बोल्ट होते. फ्लायव्हील लेथवर घासताना फक्त मधला पृष्ठभाग उतरवला आणि काठ तेवढाच उतरवला नाही, तर क्लच प्लेट प्रेशर प्लेटपासून तितकी दूर जाते आणि दाब कमी पडतो. फ्लायव्हील असे घासून घेत असाल तर काठाची उंची आधी आणि नंतर मोजून घ्यावी.

तोवर गाडी चालवावी का, हा प्रश्न साहजिक आहे. मघाच्या उदाहरणात १०० न्यूटन-मीटर टॉर्क जात असताना ९०० आरपीएमची घसरण होत असेल, तर क्लचमध्ये सुमारे साडेनऊ किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे दोन किलोवॅटचे जवळजवळ पाच गीझर त्या बंद डब्यात एकदम चालू केल्यासारखे. काही सेकंदांत जळका वास येतो तो त्यामुळेच, आणि प्लेटपाठोपाठ फ्लायव्हीलही खराब होते, ज्याने खर्च वाढतो. घसरण क्वचित आणि फक्त वरच्या गिअरमध्ये असेल तर अर्ध्यापेक्षा कमी ॲक्सिलरेटरवर, खालच्या गिअरमध्ये, सामान न भरता गाडी वर्कशॉपपर्यंत नेता येते. चढाचा रस्ता, ट्रेलर ओढणे आणि दाट ट्रॅफिकमधले हाफ क्लच टाळावे. तिसऱ्या गिअरमध्येही घसरत असेल तर ओव्हरटेक करताना गाडी ऐन वेळी दगा देऊ शकते. त्या अवस्थेत ती टो करूनच न्यावी.

नवा सेट बसल्यावर पहिले काही शेकडो किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर आणि अवघड चढावरची सुरुवात टाळावी, म्हणजे लायनिंग फ्लायव्हीलशी सर्व पृष्ठभागावर जुळते. त्यानंतर ज्या चढावर पहिली नोंद घेतली होती त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तापलेल्या इंजिनावर पुन्हा आरपीएम आणि वेग लिहून घ्यावेत. भागाकार सपाट रस्त्यावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे, आणि पाऊण तास गाडी चालवून झाल्यावरही तो तसाच राहिला पाहिजे.